बाबा तलावावर थांबतात

आमच्या ह्यांच्या संयमाचं इतकं कौतुक चाललं आहे, की ऐकून ऐकून मला पित्त होतं. तलावावरच्या गोटीरामशेठच्या नातवाने, कुंदनने, त्यांचा एक व्हिडिओ काढून मोबाइलवर सगळीकडे सोडला आहे. पाठीमागे बासरी लावली आहे. तलावाच्या पायरीवर हे बसलेत, हातात काठी, नजर पाण्यावर, आणि खालून अक्षरं सरकतात : 'वाट कशी बघायची, हे कटला काकांकडून शिका.' कटला हा तलावातला मासा, त्यावरून ह्यांना पडलेलं नाव. सानपाड्याच्या मार्केटात भाजी घ्यायला गेले तरी कोणीतरी थांबवतं. काकू, तुम्ही कटला काकांच्या मिसेस ना? किती शांत आहेत हो काका. मी म्हणते, हो ना, आणि घासाघीस न करता कोथिंबीर घेऊन पुढे होते.

शांत. चहा गाळून कपात पडेपर्यंत ज्याला धीर निघत नाही तो माणूस शांत. लिफ्ट यायच्या आत बटण चार वेळा दाबणारा शांत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण ह्यांच्याकडे बघूनच कोणीतरी केली असावी, कारण आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत ह्यांनी माझ्या गळ्यात हार घातला होता आणि भटजींनी त्यांना तो काढायला लावला होता. जन्म गेला बंदरावर आलेला माल सोडवायच्या क्लिअरिंगच्या कामात. तिथे सगळंच काल हवं असतं. ती सवय घरी आली आणि घरातच राहिली. समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं ह्यांना कधी जमलंच नाही. माझी तर अर्धी वाक्यं ह्यांच्याच तोंडून पुरी झाली आहेत, आणि त्यातली निम्मी चुकीची. मी टेलिफोन खात्यात होते. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि घरी आल्यावर माझाच फोन मधे कट व्हायचा.

निवृत्त झाल्यावर हे महिनाभर माझ्या डोक्यावर बसले. मग सकाळचं फिरायला जाता जाता गावठाणातल्या जुन्या तलावावर जाऊ लागले आणि तिथे त्यांना गोटीरामशेठ भेटले. गोटीरामशेठ म्हणजे मूळचे गाववाले. तलावाच्या पलीकडे त्यांची भातशेती होती, आता तिथे त्यांच्या मालकीच्या तीन इमारती आहेत. गळ्यात साखळी, खाली पांढरी मोठी गाडी, आणि गाडीच्या डिकीत मासे पकडायच्या काठ्या. तलावाला आता कठडा आणि चालायची फरशी केली आहे आणि मासे पकडायला मनाई असल्याची पाटी लावली आहे. गोटीरामशेठ बरोबर त्या पाटीखाली बसतात, कारण सावली तिथेच पडते. कोणी विचारलंच तर सांगतात, "तलाव आमचे आज्यानं खनला हाय. पाटी लावनाऱ्याला सांग, गोटीराम बसलाय."

हे मूळचे कऱ्हाडचे. लहानपणी कृष्णेच्या डोहावर गळ टाकलेला. गोटीरामशेठच्या हातातली काठी बघून ह्यांना ते सगळं आठवलं असावं. त्या दिवशी घरी आले ते डोळे चमकवत. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटले मी.

सुटले कसली. रोहू आणि कटला पकडायचे तर आधी चारा लावावा लागतो, आणि तो चारा माझ्या स्वयंपाकघरात होतो. शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा मंद आचेवर भाजायचा, त्यात मेथीची पूड आणि गूळ घालायचा, मळायचा, गोळे करायचे. ते गोळे रोज एकाच वेळी, एकाच जागी पाण्यात टाकायचे. गळ टाकायचाच नाही. फक्त खायला घालायचं. माशांना जागेची सवय लागते, भीती मोडते, ते निर्धास्त येऊ लागतात. मग एक दिवस त्या चाऱ्यात गळ. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण त्यांची रीतच ती. त्यासाठी हे कढईसमोर उभे राहून कोंडा अगदी हलक्या हाताने परतायचे, कारण जळला तर मासा वास ओळखेल. मी पोळ्या लाटत बघत राहायचे. ह्याच माणसाने कधीकाळी दूध तापायला वेळ लागतो म्हणून थंड दूध पोराच्या हातात दिलं होतं.

बरं, मासा मिळाला तरी त्याचं करायचं काय? मी देवगडची. आम्ही समुद्राचा मासा खाणारी माणसं. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखलाचा वास, असं आईने शिकवलं ते अजून जिभेवरून जात नाही. गोटीरामशेठच्या घरीही खाडीचं खातात, तलावाचं नाही. त्यामुळे पकडलेला मासा फोटो काढून परत पाण्यात जातो, नाहीतर आमच्या बंगाली वॉचमनकडे. तो बिचारा दोन्ही हात जोडून घेतो. एवढ्या सगळ्या तपश्चर्येचं फळ शेवटी त्याच्या कढईत पडतं.

आता अभिरामचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच सांगायला बसले आहे.

अभिराम आमचा एकुलता एक. लहानपणापासून बोलताना अडखळतो. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच अडतो. मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि मग तो शब्द एकदम बाहेर पडतो. त्याला फक्त थोडी जागा हवी असते. ती दिली की तो सगळं बोलतो, छान बोलतो, विनोदसुद्धा करतो. मी द्यायचे. ह्यांनी कधीच दिली नाही. पोराने "बाबा, मला प... प..." म्हटलं की हे "पेन? पाणी? पैसे?" अशी यादीच वाचायचे, आणि त्यातलं एखादं बरोबर असेल तर पोरगं मान डोलवून मोकळं व्हायचं. पुढे पुढे ते चुकीच्या शब्दालाही मान डोलवायला लागलं. पाणी हवं नसताना पाणी प्यायचं. हे मला म्हणायचे, बघ, मला त्याचं बरोबर कळतं.

त्याच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली. प्राची त्याच्याच ऑफिसातली, त्याला नीट ओळखणारी. तिने सांगितलं होतं, नको घेऊस. पण त्याला घ्यायचाच होता. आठवडाभर आरशासमोर उभा राहून पाठ केला होता. दोन ओळी सुरेख म्हणाला. शेवटी नाव आलं आणि 'प्र'वर थांबला. हॉल गप्प होता, प्राची त्याच्याकडे बघून हसत उभी होती, तिला काही घाई नव्हती. एवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, "प्राची! अहो, प्राची म्हणायचंय त्याला." सगळा हॉल हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. अभिरामने तोंड मिटलं. त्या माणसाने स्वतःच्या लग्नात स्वतःच्या बायकोचं नाव घेतलं नाही, ते त्याच्या बापाने घेतलं. हे अजूनही ती गोष्ट पाहुण्यांना मजा म्हणून सांगतात. अशा वेळी मी आत जाते आणि भांडी आवरते.

लग्नानंतर ती दोघं खारघरला राहायला गेली. अभिराम दर रविवारी यायचा. यायचा, जेवायचा, मान डोलवायचा आणि जायचा. त्याने ते पत्करलं होतं. पण मग क्षिप्रा झाली, चार वर्षांची झाली, आणि तिचंही बोलणं अडायला लागलं.

गेल्या थंडीतली गोष्ट. क्षिप्राच्या शाळेत कोणीतरी कासव आणलं होतं. ते सांगायला ती धावत आली आणि आजोबांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. "आजोबा, आमच्या शाळेत क... क... क..."

"काय गं? कुत्रा? केक? कविता?" हे म्हणाले. तिने मान हलवली. परत 'क' धरला. डोळे मोठे झाले, तिचं सगळं अंग त्या एका अक्षराला लागलं होतं. आणि हे हसत म्हणाले, "पटकन बोल की. गेलीस ना बापावर."

क्षिप्राने गुडघा सोडला. ती अभिरामकडे बघायला लागली, म्हणजे नक्की काय झालं ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचं होतं. अभिरामचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर दिवसभर कासवाबद्दल कोणी बोललं नाही, आणि पोरीने जेवतानाही नुसती बोटं दाखवून वाढायला लावलं. पुढे शाळेतही ती कमी बोलायला लागली, असं प्राचीने फोनवर सांगितलं.

त्यांनी तिला बोलण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाईंनी सांगितलं, या वयात पुष्कळ मुलांचं जातं, घाबरू नका. एकच करा. तिला घाई करू नका, तिचा शब्द तिच्या आधी बोलू नका, तिच्याकडे बघत शांत थांबा. घरातल्या प्रत्येकाने. एकाने जरी घाई केली तरी ती आत जाईल, आणि मग बाहेर काढणं कठीण.

मी म्हटलं, मी सांगते ह्यांना. तोडून सांगते. अभिराम म्हणाला, "नको आई. हे म... मी सांगणार."

मला कळलं त्याला काय हवं होतं ते. नुसती पोरगी वाचवायची नव्हती त्याला. एकदा, फक्त एकदा, बापाने आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, आणि त्या ऐकण्यावरच ठरावं की पोरगी या घरात येईल की नाही, असं त्याच्या मनात होतं. जो माणूस आपलं एक बोलणं ऐकू शकतो तो तिचंही ऐकेल. नाही ऐकलं तर नाही. साधा हिशोब होता. पण घरी ते होणार नाही हे त्यालाही माहीत होतं. घरात टीव्ही, घरात फोन, घरात ह्यांची पायाची बोटं सतत हलत असतात.

मग त्याने कुंदनचा तो व्हिडिओ पाहिला. मला फोन करून म्हणाला, "आई, तू पाहिलास?" मी म्हटलं, पाहिला, बासरी जास्त आहे. पण तो थट्टेच्या मनःस्थितीत नव्हता. त्या व्हिडिओत गळाच्या दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट हलतो आणि कुंदन ह्यांना विचारतो, काका, फ्लोट हललाय, ओढत का नाय? आणि हे हळू आवाजात म्हणतात, "पहिल्यांदा हलला की ओढायचं नसतं. मासा तोंडात घेतो, सोडतो, परत घेतो. त्याला पूर्ण घेऊ द्यायचं. घाई केली की सुटतो, आणि एकदा घाबरला की त्या जागी परत येत नाही."

"आई, म्हणजे बाबांना हे क... कळतं," अभिराम म्हणाला. "त्यांना सगळं कळतं. बाबा तलावावर थांबतात."

त्याच्या आवाजात आशा होती. मलाही खरं तर ते पटलं. मी ह्यांना तलावावर पाहिलं होतं. तिथे खरोखरच हे दुसरे कोणीतरी असायचे. खांदे सैल, कपाळ मोकळं, श्वास लांब. मला वाटलं, एवढी वर्षं मी ह्या माणसाला चुकीच्या जागी बसवत आले. कदाचित ह्यांना फक्त पाणी हवं होतं समोर.

रविवारी सकाळी अभिराम एकटाच आला. निळा शर्ट घालून, दाढी करून, जणू इंटरव्ह्यूला निघालाय. आम्ही दोघं चहाचा थर्मास घेऊन तलावावर गेलो. ह्यांनी त्या जागी आठवडाभर चारा लावला होता आणि आज गळ टाकायचा दिवस होता, म्हणजे त्यांच्या भाषेत मुहूर्त. पाटीखाली गोटीरामशेठ बसले होते. कुंदन लांब कठड्यावर मोबाइल बघत होता. हे खालच्या पायरीवर. अभिराम त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी दोन पायऱ्या वर, गोटीरामशेठच्या बाजूला.

"बाबा, मला एक सांगायचंय," अभिराम म्हणाला. "मधे ब... बोलू नका."

ह्यांच्या हातात काठी, नजर लाल टोकाच्या फ्लोटवर.

"क्ष... क्ष..." अभिराम अडला. मान ताठ झाली, डोळे मिटले. आता येईल, क्षिप्रा, क्षिप्रा, पुढे बोल. पण आलं नाही. हे शांत बसून होते. अभिराम त्या अक्षराशी झगडत होता आणि त्याचा बाप त्याला झगडू देत होता. मी हातातला थर्मास मांडीत घट्ट धरला. गोटीरामशेठनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तळहातावरची तंबाखू तशीच ठेवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मोठा माणूस. त्यांना समजलं होतं की इथे काहीतरी चाललंय.

"क्षिप्राचं बोलणं अडतं," शब्द सुटला. "माझ्यासारखं. डॉक्टर म्हणाल्या, ल... लहान आहे, जाईल. पण तिला कोणी घाई करायची नाही. तिच्या तोंडातला शब्द कोणी काढून घ्यायचा नाही." तो थांबला. श्वास घेतला. हे अजूनही गप्प होते. त्या गप्प राहण्याने पोराला बळ आलं, मी डोळ्यांनी पाहिलं ते. त्याचा आवाज मोकळा झाला. "तुम्ही माझे सगळे घेतलेत, बाबा. मी र... रागावून सांगत नाही. तुम्हाला वाटायचं तुम्ही मदत करताय. प्राचीचं नावसुद्धा तुम्हीच घेतलंत. ते जाऊ दे. पण तिचे शब्द घेऊ नका. तुम्हाला ज... जमणार असेल तर मी तिला दर रविवारी आणेन. तिला तुम्ही आवडता. नसेल जमणार, तर मग मी तिला नाही आणणार. मला फक्त हो किंवा नाही सांगा."

तो थांबला. सगळं बोलून झालं होतं. अख्ख्या आयुष्यात तो बापाशी इतकं बोलला नव्हता, आणि बाप एकदाही मधे आला नव्हता. अभिरामच्या चेहऱ्यावर घाम होता आणि त्या घामाखाली एक असं काही होतं, की मला तो एकदम सहावीतला दिसला. माझे डोळे भरले. मी मनातल्या मनात ह्यांची माफी मागितली. म्हटलं, वैजयंते, तू नवऱ्याला ओळखलंच नाहीस.

अभिराम उत्तराची वाट बघत होता. ह्यांनी हळूच डावा हात उचलला, एक बोट पुढे केलं आणि कुजबुजले, "ते बुडबुडे बघ. डाव्या हाताला. केव्हाचा घोळतोय चाऱ्यात. मोठा आहे." मग मान न वळवता म्हणाले, "तू काही म्हणालास का मघाशी?"

मला आधी समजलंच नाही. अभिरामला मात्र लगेच समजलं. त्याला कळलं की बाबा थांबले नव्हतेच. ते ऐकतच नव्हते, म्हणून मधे बोलले नव्हते.

गोटीरामशेठनी तंबाखू झटकून टाकली. "मधुकरशेठ," ते म्हणाले, "पोरगा बोलतंय तुमचा. काठी ठेवा जरा खाली. मासा कुठं जात नाय, तलावाला भिंत हाय चारी बाजूंना."

"हो हो, ऐकतोय ना," हे म्हणाले. "गाडीचं म्हणत असेल. घे की नवी, अभी. मी कुठे नको म्हटलंय."

अभिरामने तोंड उघडलं. आणि फ्लोट बुडाला.

ह्यांनी झटका दिला, काठी वाकली, रीळ किंचाळायला लागलं. गोटीरामशेठ काहीही म्हणोत, तेही उभे राहिले. कुंदन मोबाइल घेऊन धावत आला. "जाळी," हे ओरडले. "अभी, जाळी घे." शेजारी लांब दांड्याची हातजाळी पडली होती. मला वाटलं, आता हा उठेल आणि निघून जाईल. उठावं त्याने, लाथ मारावी त्या जाळीला, असं मला मनापासून वाटत होतं. अभिरामने जाळी घेतली. तो पाण्याच्या कडेला उकिडवा बसला आणि वाट बघत राहिला. मासा दोनदा जवळ आला आणि दोनदा दोरी घेऊन लांब गेला. हे त्याला जाऊ देत होते, दमवत होते, परत बोलावत होते, सगळं हळूहळू, हळुवार. शेवटी कटला कुशीवर झाला, आणि अभिरामने जाळी खालून घालून त्याला उचलला. त्याच्या निळ्या शर्टावर चिखलाचं पाणी उडालं.

भलामोठा होता. एवढा ह्यांना कधी मिळाला नव्हता. ह्यांनी तो छातीशी धरला, दुसरा हात अभिरामच्या खांद्यावर टाकला. कुंदनने फोटो काढला. "हसा काका. अभिरामदादा, तू पन हस ना." आणि अभिराम हसला. त्याला तसं हसता येतं, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. तो फोटो दुपारपर्यंत सगळीकडे पोचला होता. खाली लिहिलं होतं, बापलेकाची जोडी.

त्याने तलावाच्या नळावर हात धुतले, शर्टावरचा डाग धुतला. मी त्याच्यामागून गाडीपर्यंत गेले. म्हटलं, "परत सांग. आत्ता सांग, मी काठी मोडून टाकते हवी तर."

"नको आई," तो म्हणाला. "ते एकदाच ज... जमतं." मग गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "तू येत जा खारघरला. तू ये." हे वाक्य अजिबात न अडता म्हणाला.

घरी आल्यावर हे इतके खुशीत होते, की अंघोळीलाही गाणं म्हणत गेले. जेवताना म्हणाले, "आज अभी किती छान बसला होता ना माझ्याजवळ. आणि बघितलंस का, मी एकदाही मधे बोललो नाही. तुम्ही उगाच म्हणता."

मी हातातला डाव खाली ठेवला. "काय म्हणाला तो?"

"म्हणजे काय, नेहमीचंच. ऑफिस, गाडी. असं काय विचारतेस?"

"अहो, तो क्षिप्राबद्दल सांगत होता. तो म्हणाला, की तुम्ही जर तिला..."

"मासा दाखवायचा. कळलं मला. हो, आता आण म्हणावं तिला. तिच्यासाठी एक छोटी काठी करतो. पोरींनी शिकलं पाहिजे, धीर येतो."

मी परत सुरुवात केली. दुसऱ्यांदा, मोठ्या आवाजात. माझं वाक्य 'डॉक्टर'पाशी पोचलं आणि ह्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण काढली, त्या संपल्यात का म्हणून विचारलं, आणि फोन वाजला. गोटीरामशेठचा नव्हता, कोणीतरी फोटो बघून केलेला होता. हे फोन कानाला लावून गॅलरीत गेले आणि मासा कसा दमवला ते पहिल्यापासून सांगायला लागले. तिकडचा माणूस ऐकत असावा, कारण हे कितीतरी वेळ बोलत होते. मी ताटं उचलली. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं, तर तेही जमेना. माझ्या पोराचे शब्द त्या तलावात पडले होते आणि माझ्याशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हते. गोटीरामशेठना ठाऊक होते म्हणा. पण ते परके.

मी ठरवलं, तिसऱ्यांदा सांगणार नाही.

पुढच्या रविवारी खारघरहून कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. ह्यांनी क्षिप्रासाठी बांबूची एक लहान काठी तासली आहे. पातळ, हलकी, मुठीच्या जागी पोरीला टोचू नये म्हणून मऊ कापड गुंडाळलंय. रोज थोडी थोडी घासत होते, कौतुकाने. ते बघून मला भडभडून येतं, खोटं कशाला सांगू. शेवटी हा माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं, कधीच भांडून मोकळी झाले असते.

आज रविवार. हे सकाळी तलावावर गेले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून सोसायटीच्या गेटकडे बघत बसलेत, मांडीवर ती काठी. खांदे सैल, कपाळ मोकळं. "येतील गं," मधेच म्हणाले. "ट्रॅफिक असेल." मी काही विचारलं नव्हतं.

क्षिप्राला मला काहीतरी सांगायचंय, असं काल प्राची म्हणाली होती. फोनवर नको, आजी आली की सांगेन, असं पोरीने सांगितलंय. मी साडी बदलली, पर्स घेतली, चपला घातल्या. शेवटी माणूस आहे मीही, न सांगता जाववेना. दारातून म्हटलं, "अहो, मी जरा..."

"मार्केटला ना? तिच्यासाठी डाळिंबं आण, तिला आवडतात. मी इथेच आहे. ते आले तर दार उघडायला कोणीतरी हवं."

मी बरं म्हटलं आणि खारघरला गेले.